होणाऱ्या खोंडाची आई

खरसुंडीच्या जत्रेत कालवड घ्यायला आलेला माणूस कालवडीकडे बघत नाही. तो आभाळाकडे बघतो, शेजारच्या दावणीतल्या बैलाकडे बघतो, चहाच्या गाड्याकडे बघतो आणि मालकाला विचारतो, "यंदा पाऊस कसा काय तुमच्याकडं?" माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात कुणी पावसाची चौकशी केली की समजावं, याच्या मनात दुसरंच काहीतरी आहे. इथल्या पावसाबद्दल विचारण्यासारखं काही नसतं. मालकही मुरलेला. तो "बरा झाला की" म्हणतो आणि बोलता बोलता कालवडीच्या पाठीवरून उगाच हात फिरवतो, म्हणजे पाठ किती सरळ आहे ते परस्पर दिसावं. पंधरा मिनिटं दोघं पावसावर बोलतात. तेवढ्यात गिऱ्हाइकानं डोळ्याच्या कोपऱ्यातून शिंगं, कान, खूर, शेपटी असं सगळं पाहून घेतलेलं असतं आणि मालकानं त्याच्या खिशाचा अंदाज बांधलेला असतो.

जत्रांचा हा मोसम मार्गशीर्षात सुरू होतो. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढतात, पौषात औंधला यमाईची यात्रा आणि मग खरसुंडीला पुन्हा सिद्धनाथ. गावं दोन जिल्ह्यांतली, पण खाली माळावर बांधलेली जनावरं बहुतेक एकाच कुळातली : खिलार. त्यात म्हसवडचं खिलार वेगळं, आटपाडी महालातलं वेगळं, काजळी वेगळं, कोसा वेगळं. आटपाडी महाल हा औंध संस्थानाचा मुलूख. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण जनावरांच्या बाजारात महाल अजून खालसा झालेला नाही. "ही महालातली हाय," असं मालक अशा थाटात सांगतो की औंधच्या पंतप्रतिनिधींनी कालवड स्वतःच्या हातानं सोडून दिली असावी.

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाशी या प्रकाराची तुलना करायचा मोह प्रत्येक लिहिणाऱ्याला होतो. मी ती करणार नाही. कालवडीची चौकशी त्याहून फार कसून होते.

आता ही निवड नेमकी कशासाठी चालते, ते सांगायला हवं. बाहेरच्या मुलखात, म्हणजे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात, अँगस किंवा हिअरफर्ड जातीची कालवड निवडतात ती मांसाच्या हिशेबानं. पाठ किती रुंद, पुठ्ठा किती भरलेला, फासळ्यांवर चरबी किती आणि हेच सगळं ती वासरात किती उतरवील. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी आली आणि २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळं तो हिशेब इथं मांडायचीच सोय नाही. आणि सोय असती तरी खिलार कालवड त्या परीक्षेत सपशेल नापास झाली असती. अंगावर मांस चढवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मग दूध? दिवसाला दोन-तीन लिटर, तेही वासराचं पोट भरून मालकिणीवर मर्जी असली तर. बाजारात खिलार कालवडीसमोर उभं राहून "आई किती दूध देते हो?" असं विचारणारा माणूस एक तर पुण्याचा असतो किंवा बँकेचा.

मांस नाही, दूध नाही. मग भाव कशाचा? तिला होणाऱ्या खोंडाचा. कालवड समोर उभी आहे, पण गिऱ्हाइकाला ती दिसतच नाही. त्याला दिसतो अजून जन्माला न आलेला, शर्यतीच्या छकड्याला जुंपलेला, फज्ज्याकडे कान पाडून पळणारा तिचा मुलगा. त्या मुलाच्या नावावर सगळा व्यवहार चालतो आणि तो मुलगा अजून वीर्याच्या कांडीतही आलेला नसतो.

यातले जाणकार तीन पंथांचे. पहिला शिंगपंथ, आणि त्याला अनुयायी सर्वांत जास्त. यांच्या मते कालवड म्हणजे शिंगं आणि ती धरून ठेवायला खाली जी काही सोय केली आहे ती. दोन्ही शिंगांची मुळं एकमेकांना खेटून हवीत, कपाळाच्या रेषेत मागं जायला हवीत आणि मग बाक घेऊन वर टोकदार निघायला हवीत. एखादं शिंग बोटभर जरी बाहेर फाकलं तरी शिंगपंथी माणूस 'च्च' करतो. मालकांना हे ठाऊक असल्यामुळं शिंगं साळणं, तासणं, तेल चोळणं हे उद्योग बाजाराआधी आठवडाभर चाललेले असतात. या शिंगांचा पळण्याशी संबंध काय, असं मी एका आबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या मिशीचा लिवन्याशी संबंध काय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसरा खूरपंथ. हे लोक कालवडीच्या तोंडाकडं बघतच नाहीत, ते थेट उकिडवे बसतात. खूर लहान, काळा, घट्ट जुळलेला हवा. मधली फट फाकलेली नको. मागचे पाय गुडघ्यात एकमेकांकडं झुकलेले नकोत. मग ते म्हणतात, "जरा चालवा." कालवड चालते आणि हा माणूस मातीत उमटलेले पाय वाचतो. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय बरोबर पडला तर तो मान हलवतो, नाही पडला तर उठून धोतर झटकतो. मला विचाराल तर तिन्हींत शहाणे हेच. माणदेशाच्या खडकाळ माळावर जनावर उभं आयुष्य पायांवर काढतं, शिंगांवर नाही. शिवाय पायाचा दोष पोरात उतरतो. पण खूरपंथीयांची पंचाईत अशी, की उकिडवं बसलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळं पंथ वाढत नाही.

तिसरा वंशपंथ. यांना कालवड दाखवायचीही गरज नसते. "हिची आई कुणाची?" एवढंच ते विचारतात आणि मग चार पिढ्या सुटतात. आईचा बाप अमक्या गावचा वळू, त्याचा मावसभाऊ पुसेगावच्या मैदानात पळालेला, बहीण कर्नाटकात दिलेली. स्वतःच्या आजोबांचं पूर्ण नाव विचारलं तर सातबारा काढायला लावणारी माणसं कालवडीचं गोत्र मात्र तोंडपाठ सांगतात. अडचण एकच : कागद कुठंच नसतो. त्यामुळं एखादा बैल शर्यतीत हिंदकेसरी झाला की त्याच्या नात्यातल्या कालवडी दर बाजारात निघू लागतात. बकासुर या गाजलेल्या बैलाच्या सख्ख्या बहिणी म्हणून ज्या माझ्यासमोर उभ्या करण्यात आल्या, त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर त्या माउलीला वर्षाला पंधरा वेतं झालेली असणार.

या तिघांच्या डोक्यावर भोवऱ्यांचं शास्त्र. अंगावरच्या केसांचा कुठला भोवरा कुठं असला की मालकाला बरकत आणि कुठं असला की मालकाच्या मेव्हण्याला वाईट, यावर माळावर अख्खी दुपार जाते. एखाद्या सर्वगुणसंपन्न कालवडीच्या अंगावर नको तिथं भोवरा निघाला की सौदा मोडतो. सौदा मोडायचाच असेल तर मात्र भोवरा हमखास सापडतो. पैसे कमी पडताहेत, असं चारचौघांत सांगण्यापेक्षा ते बरं.

मग दात. इथं वय वर्षांत मोजत नाहीत, दातांत मोजतात : आदत, दुसा, चौसा, जुळीक. साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात येतात, तोवर जनावर आदत. म्हणून हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, पुढं येतो, एका हातानं नाकाशी धरतो, दुसऱ्यानं खालचा ओठ ओढतो आणि क्षणभर दात दाखवून लगेच सोडतो. वरच्या जबड्यात गाईला पुढचे दात नसतातच. हिचे वरचे दात पडलेत म्हणून कुणा शहरी हौशी माणसानं किंमत पाडून मागितली, हा किस्सा प्रत्येक बाजारात सांगतात आणि प्रत्येक बाजारात तो माणूस वेगळ्या शहरातला असतो.

भावाचं बोलणं उपरण्याखाली. दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरली जातात, दाबली जातात, सोडली जातात आणि चेहरे मात्र श्राद्धाला बसल्यासारखे. तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून ही जुनी रीत. हल्ली एवढं सगळं गुप्तपणे उरकून संध्याकाळी तोच मालक मोबाईलच्या स्टेटसला कालवडीचा फोटो, भाव, घेणाऱ्याचं नाव आणि ढोलाचं गाणं टाकतो.

रूपाला भाव देणं या मुलखाच्या रक्तातच आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं नाक पोपटासारखं बाकदार असतं आणि सगळी किंमत त्या नाकाला. आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगितले, ही बातमी २०२० साली देशभर गाजली. त्या हिशेबानं खिलार कालवडीचं गिऱ्हाईक फारच व्यवहारी म्हणायला हवं. ते निदान पळण्याबद्दल तरी विचारतं.

आणि पळण्याचा भाव थेट न्यायालयात ठरतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. तेव्हा खोंडाला गिऱ्हाईक राहिलं नाही, मग त्याच्या होणाऱ्या आईला कोण विचारतो? ट्रॅक्टरनं नांगर आधीच नेला होता, उरलेला छकडाही गेला. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. त्या दिवसापासून माळावरच्या कालवडी पुन्हा 'महालातल्या' झाल्या. घटनापीठाच्या निकालावर जनावराचा भाव चढतो-उतरतो, असा बाजार जगात फारसा नसेल. आमच्याकडचा एक गडी निकालाची तारीख पडली की वकिलाला फोन करायचा. त्याच्यावर खटला कुठलाच नव्हता, दावणीला दोन कालवडी होत्या.

जत्रेतल्या प्रदर्शनाचा दिवस पाहण्यासारखा. देवस्थान किंवा बाजार समिती मंडप घालते, गट पाडते : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळीक. परीक्षक म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टर येतात, हातात गुणांचा तक्ता. समोर पाचपन्नास कालवडी धुऊन, पुसून, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर झूल, कपाळावर गोंडा. आणि कडेनं पाचशे माणसं, ज्यांतल्या प्रत्येकाचा निकाल आधीच लागलेला असतो. एवढ्या तज्ज्ञांसमोर निकाल देण्यापेक्षा गाभण गाईच्या पोटातलं आडवं वासरू काढणं सोपं, असं एका डॉक्टरांनी मला खासगीत सांगितलं. परीक्षक बहुधा लांबच्या तालुक्यातला बोलावतात. निकालानंतर त्याला जेवायला थांबण्याचा आग्रह होतो, पण तो थांबत नाही.

अमेरिकेत शाळकरी पोरांच्या अशाच स्पर्धा असतात. चार कालवडी समोर उभ्या करतात, पोरांनी त्यांचा क्रम लावायचा आणि मग परीक्षकासमोर ताठ उभं राहून तोंडी कारणं द्यायची : पहिली दुसरीच्या वर का, तिसरी चौथीच्या वर का. आपल्याकडे कारणं देण्याची जबाबदारी परीक्षकावर टाकत नाहीत. ती हरलेले लोक स्वखुशीनं घेतात. पहिल्या आलेल्या कालवडीचा मालक कुणाचा कोण लागतो, मंडपाचे पैसे कुणी दिले, परीक्षकानं सकाळी चहा कुणाकडं घेतला, हे सगळं हलगी थांबायच्या आत माळभर झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मधोमध भावी जिल्हा परिषद सदस्य, वर मार्गदर्शक, खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे आणि उजव्या कोपऱ्यात, जागा उरलीच म्हणून, कालवड.

फोटोत तिचा एकच कान दिसतो, याचं कारण पिवळा बिल्ला. सरकारनं प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी नंबर ठोकायची योजना काढली आहे. आकडे आधारकार्डाइतकेच, फक्त आपल्यासारखं हिला ते पाकिटात लपवता येत नाही. लसीकरण, रेतन, विमा सगळं त्या नंबरावर. मुळात ही फार कामाची गोष्ट. चार वर्षं नीट नोंदी झाल्या तर बकासुराच्या निम्म्या बहिणी एका रात्रीत कमी होतील. मालकांना मात्र त्या बिल्ल्यानं कालवडीचं रूप गेल्याचं दुःख जास्त. "कान कसा पानासारखा हुता बगा," असं म्हणून ते बिल्ल्याची बाजू भिंतीकडं करतात.

या सगळ्या धांदलीत खरी पैदाशीची परीक्षा कुठं होते? बहुतेक घराच्या मागच्या दारी. कालवड वांझ निघाली तर तिच्या शिंगांचा काही उपयोग नाही. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. विकणारा 'जुळी होती' हे आपणहून सांगत नाही. कालवड एकवीस दिवसांनी नियमित माजावर येते का, भरवल्यावर गाभ न धरता उलटते का, मागच्या हाडांमध्ये वासरू बाहेर यायला पुरेशी रुंदी आहे का, चारी सड सारखे आहेत का, आईची वेतं वेळेवर झाली का, या प्रश्नांवर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोरं परीक्षा देतात. आणि याच प्रश्नांची उत्तरं घरातली म्हातारी चुलीपुढून न उठता देते. माण तालुक्यातल्या एका वाडीवर मालक मला कालवडीच्या पणजोबा वळूची कीर्ती सांगत होता, तेवढ्यात आतून आवाज आला, "ती दोनदा उलटलीया, ते बी सांग की पावण्यास्नी." मालकानं पाणी मागवलं. पाणी आलं नाही.

धीर हा इथला खरा भांडवली खर्च. वर्षाची कालवड आज घेतली तर खिलार जात पहिल्यांदा वितेपर्यंत तिचं वय चार-एक वर्षांचं होतं. पोटात नऊ महिन्यांवर काही दिवस तर लागतातच. मग झालेला खोंड मैदानात उतरेपर्यंत आणखी दीड-दोन वर्षं. मध्ये एक विधानसभा होऊन जाते. आणि एवढं करून होणारं वासरू पुन्हा कालवडच निघायची शक्यता निम्मी. दूधवाल्यांसाठी आता कालवडीच होतील अशा वीर्याच्या कांड्या मिळतात. रेतन करायला येणाऱ्या डॉक्टरला खिलारवाला बाजूला घेऊन विचारतो, "डाक्टर, याच्या उलटं काय निघालंय का?"

तोवर तिला पोसायचं कशावर? इथं गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या जर्सीची ओळख करून द्यायला हवी. खरं तर ती जर्सी नसते, काळीपांढरी एचएफ संकरित असते. पण गावात सगळ्या संकरित गाई जर्सीच. तिला नाव नसतं, झूल नसते, तिच्या आईची चौकशी कुणी करत नाही. पुढं सकाळ-संध्याकाळ बादली लागते, मागं शेण निघतं, दहा दिवसांनी दूधसंघाचं बिल येतं आणि त्या बिलातून खिलार कालवडीची पेंड, मका, बाजाराचं टेम्पोभाडं आणि फ्लेक्सचे पैसे जातात. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडच्या एका गोठ्यात कालवडीच्या गळ्यात हार पडला. हाराचे पैसे कुणाच्या बिलातून गेले हे जर्सीला कुणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. बेंदराला हिंगूळ लावायला हिला शिंगंही ठेवत नाहीत, लहानपणीच जाळून टाकतात.

तेव्हा यंदा पौषात खरसुंडीला किंवा मार्गशीर्षात पुसेगावला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. कालवड आवडली तर तोंडावर दाखवू नका. शिंगांवर दोन मिनिटं द्या, खुरांवर दहा. दात स्वतः बघा, हेड्याच्या हातून नको. "जुळी होती का?" हे विचारा आणि उत्तर देताना मालक कुठं बघतो तेही बघा. मग काहीही करून तिची आई बघायला त्याच्या घरापर्यंत जा आणि मालकाशी नव्हे, म्हातारीशी बोला. चहा मिळेलच. त्यातलं दूध जर्सीचं असेल.